बाटलीवरचा रंग आणि ओढ्यातला मासा

कीटकनाशकाला आपल्याकडे सर्रास ‘औषध’ म्हणतात. त्याच्या बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार हा रंग ठरतो तो उंदरांवरच्या चाचण्यांतून: शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत पोटात जाऊन निम्मे उंदीर मेले तर लाल, ५०१ ते ५,००० मिलिग्रॅम लागले तर निळा. विष त्वचेतून किती भिनतं तेही पाहतात. फवारणाऱ्या माणसासाठी ही खूण मोलाची आहे. माशाबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही.

सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचंच बघा. सस्तन प्राण्यांचं यकृत ते बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतं. माशाला ते जमत नाही, शिवाय कल्ल्यांतून ते सरळ रक्तात उतरतं. लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश भाग, एवढ्यानंही अनेक मासे मरतात. बांधाला लागून ओढा असेल तर पंप तिथे धुणंसुद्धा महागात पडतं.

आता हवेतली गोष्ट. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब तीन मीटरवरून दहाएक सेकंदांत खाली येतो. त्याच्या दशांश आकाराच्या थेंबाला पाव तासाहून जास्त वेळ लागतो. ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर पहिला थेंब तीसेक मीटरवर पडेल आणि दुसरा अडीच-तीन किलोमीटर लांब जाईल. बारीक फवारा पानावर छान बसतो म्हणून तो आवडतो, पण निसटतोही तोच.

केरळच्या कासारगोडमध्ये सरकारी काजूबागांवर सुमारे दोन दशकं, २०००पर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. डोंगरउताराचा मुलूख, खाली वस्ती, उघड्या विहिरी आणि पाण्यासाठी डोंगरात आडव्या खोदलेल्या ‘सुरंगम’. उंचसखल जमिनीवरून हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांपासून ठरावीक अंतर कसं राखणार? त्यात एंडोसल्फानची वाफही होते. ती वाऱ्याबरोबर दूर जाते, थंड प्रदेशात पुन्हा खाली उतरते. जिथे कुणी शेती करत नाही त्या आर्क्टिकमध्येही ते सापडलं आहे. २०११मध्ये स्टॉकहोम करारानं, म्हणजे लवकर न विरणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारानं, त्याला बंदीच्या यादीत घातलं आणि त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही ते थांबवलं.

एकेका रसायनावर बंदी यायला अशी वर्षं जातात, म्हणून मला फवारणीच्या पद्धतीवरचे नियम जास्त कामाचे वाटतात. युरोपीय संघानं २००९मध्ये विमानातून फवारणीवर, काही अपवाद सोडून, सरसकट बंदी घातली. तिथे पाण्याकाठचा पट्टा न फवारता सोडावा लागतो. जाड थेंब टाकणारं नोझल वापरलं तर काही देशांत हा पट्टा कमी रुंद चालतो, म्हणून शेतकरी आपणहून नोझल बदलतो.

आपल्याकडे आता ड्रोन आलेत. त्यांच्यासाठी केंद्रानं २०२१मध्ये कार्यपद्धती जाहीर केली. पंख्यांचा खाली येणारा झोत थेंबांना पिकात ढकलतो, ही ड्रोनची जमेची बाजू. पण उंची थोडी वाढवली की तो झोत विरतो आणि थेंब बाजूच्या वाऱ्याच्या हाती जातात.