पार्श्वभूमी: 'शरदातले रंग' आणि ठाण्यातली झुडपे

पाऊस परतला की घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांत दरवर्षी तीच विचारणा सुरू होते: रीलमध्ये दिसतात तशी लाल-केशरी होणारी झुडपे आहेत का? नर्सरीवाला क्रोटनच्या रांगेकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक कुरकुरते, "अहो, हे तर बाराही महिने असेच असते." "मग चांगलेच की," तो म्हणतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. घोळ 'शरद' या शब्दाचा आहे, आणि तो बराच जुना आहे.

थंड मुलखातल्या सुमाक, युऑनिमस, जपानी मेपल अशा झुडपांचे रंग कसे येतात ते थोडक्यात. दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली झाकलेला पिवळा उघडा पडतो. लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, मात्र तेव्हाच नव्याने तयार होतो. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन हवे आणि रात्री गोठणबिंदूच्या जरा वर राहणारा गारवा. म्हणून तिथले बागवान ही झुडपे भर उन्हात लावतात आणि उन्हाळा सरत आला की नत्रयुक्त खत बंद करतात. आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीही पारा 15 अंशांखाली क्वचितच उतरतो. कितीही महागाचे रोप आणले तरी हा गारवा कुंडीसोबत येत नाही.

आता शब्दाकडे. इंग्रजी 'ऑटम'ला आपण 'शरद' म्हणतो. खगोलाच्या हिशेबाने ते चुकीचे नाही. 22-23 सप्टेंबरच्या सुमाराला दिवस-रात्र समान होतात, त्याला शरद संपात म्हणतात, आणि तिथला ऑटमही पंचांगात तिथूनच धरतात. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. कोजागरीचे दूध, झेंडूचे ढीग, कापणीला आलेले भात आणि कपाळावरून ओघळणारी ऑक्टोबर हीट. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतायची सर्वसाधारण तारीखच 8 ऑक्टोबर आहे. जमिनीत ओल असते, ठाण्यालगतचा येऊरचा डोंगर अजून गच्च हिरवा असतो. संस्कृत कवींचा शरदही निरभ्र आकाशाचा, कमळांचा आणि हंसांचा. त्यात पाने गळत नाहीत.

पाने गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. त्याचे कारणही वेगळे. थंड देशातले झाड गोठण्याच्या भीतीने पाने टाकते, आपल्या डोंगरावरचे झाड पाणी वाचवायला टाकते. म्हणजे कॅलेंडरचा ऑटम शरदात पडतो आणि झाडांचा ऑटम शिशिरात. एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली की न्यू जर्सीहून भाचा मेपलचा फोटो पाठवतो, खाली 'इकडे शरद सुरू झाला' लिहितो, आणि ठाण्यातली मावशी आपल्या जास्वंदीकडे पाहत बसते की हिचे काय बिघडले.

यावर दोन मते आहेत. शरद हा प्रतिशब्द पाठ्यपुस्तकांतून इतका रुजला आहे की तो आता हलवू नये, असे एक मत. त्यात तथ्य आहे, कारण शिशिर म्हटले की लोकांना सरळ हिवाळा आठवतो आणि नवा गोंधळ उभा राहतो. दुसरे मत असे की बागेविषयी लिहिताना तरी 'पानगळीचे रंग' म्हणावे, ऋतूचे नाव घेऊच नये. प्रस्तुत लेखकाला दुसरे पटते. शरद म्हटल्यामुळे लोक ऑक्टोबरात लालीची वाट पाहतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत देशी बदामाची पाने शेंदरी होतात, तामणीची तांबूस होतात, तेव्हा सफाईवाल्याला 'कचरा वाढला' म्हणून सांगतात. येऊरचा कुसुंब तर उलटाच. त्याची नवी पालवी लाल असते आणि मोठी होताना हिरवी होते. आपल्या डोंगरावर लाल रंगाने पानाचा शेवट होतो तशी सुरुवातही होते.

क्रोटनची गोष्ट छोटी आहे. हे झुडूप इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांकडचे. 1753 मध्ये एका स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला जमालगोट्याच्या प्रजातीत, म्हणजे खऱ्या क्रोटनांत बसवले. 1824 मध्ये ते तिथून काढून कोडिएम या वेगळ्या प्रजातीत नेले गेले. नर्सऱ्यांना ही बातमी अजून पोचलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या काचघरांत त्याचे वेड पसरले होते. आपल्याकडे काच लागलीच नाही.

आपल्याकडे झुडपांना खरा भाव आला तो बऱ्याच नंतर. ठाण्यात कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, गाड्या खाली गेल्या आणि बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, चढली. स्लॅबवर मातीचा थर बेताचाच, तिथे मोठे झाड धरत नाही. मग क्रोटन, अकॅलिफा, कॉर्डिलाइन आणि जिकडेतिकडे पिवळाधमक गोल्डन ड्युरांटा. सतरंजीसारखे पट्टे आखायचे आणि दर पंधरवड्याला कातरायचे. कातरत राहिल्याने ड्युरांट्याला फूल येत नाही, म्हणून फुलपाखरूही फिरकत नाही. ब्रोशरमध्ये याला 'सीझनल कलर' म्हणतात, हे वाचून हसू येते. क्रोटनचा रंग ऋतूवर कमी आणि उजेडावर जास्त अवलंबून असतो. लॉबीत, दोन विंगांच्या मधल्या सावलीत ठेवा, काही महिन्यांत नवी पाने हिरवीच येऊ लागतात.

दिवस लहान झाल्याची खूण ओळखून लाल होणारे आपल्याकडचे ओळखीचे झुडूप म्हणजे पॉइन्सेटिया. मूळचे मेक्सिकोचे. लाल दिसतात ती फुले नव्हेत, फुलाखालची पाने. रात्रीचा सलग अंधार बारा तासांच्या वर गेला आणि काही आठवडे तसाच राहिला की ती रंगतात. आपल्या अक्षांशावर डिसेंबरची रात्र तेरा तासांची असते, म्हणजे काम भागते. अट एकच, मध्ये उजेड नको. आमच्या सोसायटीत जॉगिंग ट्रॅकला नवे एलईडी बसले, त्या वर्षी दिव्याखालच्या कुंड्या नाताळातही हिरव्याच होत्या. पंपरूमच्या भिंतीआड विसरलेल्या दोन मात्र कुंकवासारख्या लाल. कमिटीने खतवाल्याला झापले. माळीकाका भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, याला झोप लागते. तुम्ही लाइट लावून ठेवता."

यंदा घटस्थापनेलाच त्यांनी सगळ्या कुंड्या पंपरूममागे नेऊन ठेवल्या आहेत. बागेतली झाडे चोरीला गेली का, अशी विचारणा ग्रुपवर दोनदा होऊन गेली.