पार्श्वभूमी : ‘सभासद’ कोणाला म्हणायचं?

सातारा-सांगलीत माणूस मत कोणाला देतो हे समजायला त्याच्या रानाला पाणी आहे का, हे आधी बघावं लागतं.

स्वातंत्र्याआधी मताचा हक्क बराचसा शेतसारा आणि मालमत्तेवर ठरायचा. बहुतेक भूमिहीन यादीतच नसत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना समांतर चालवलेल्या सरकारच्या, दिवसांत सावकाराला जाब विचारला गेला. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं, म्हणजे कूळकायद्यानं, बरीच कुळं कसत्या जमिनीची मालक झाली. त्यांतल्या कृष्णाकाठच्यांनी ऊस लावला, आणि कालच्या कुळाचं राजकारण बागायतदाराचं झालं.

खरा गुंता साखर कारखान्याच्या ‘सभासद’ या शब्दात आहे. शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. पण सभासद व्हायला ऊस लागतो, आणि उसाला पाणी. सहकारी संस्थांबद्दलच्या 2011 च्या 97 व्या घटनादुरुस्तीमागोमाग 2013 मध्ये राज्याच्या कायद्यात ‘क्रियाशील सभासद’, म्हणजे ज्याला मत देता येतं तो, आला. त्याच्या अटी : पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवेचा किमान वापर. कारखान्यापुरतं म्हणजे ऊस घालणं. नावापुरत्या सभासदांच्या मतांवर सत्ता टिकवली जाते, तो प्रकार बंद व्हावा, हे म्हणणं रास्तच होतं. पण सलग दुष्काळात ज्याची विहीर आटली, त्यानं ऊस कुठून आणायचा? ज्याला संस्थेचा आधार सर्वांत जास्त हवा, नेमका तोच या व्याख्येत अडकतो. माझ्या मते हा अन्याय आहे. राज्यांची मंजुरी न घेतल्यामुळे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या दुरुस्तीतला राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता भाग रद्द केला, तरी ‘क्रियाशील’चा वाद मिटला नाही. कारखाना हातात असणाऱ्यालाच विधानसभेचीही वाट सोपी जाते, म्हणून ही व्याख्या कारखान्याच्या फाटकाबाहेरही मोजली जाते.

दुष्काळी पट्ट्यानं मग वेगळा हिशेब मांडला. 1993 पासून सांगलीतल्या आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी जसजसं पोचलं, तसतसं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार आणि पाणीपट्टी कोण भरणार, हे प्रचाराचे मुद्दे झाले. पाणी आलेल्या गावांत पुन्हा ऊस, पुन्हा सभासद, पुन्हा गट.

ऊसतोड मजूर मात्र यातल्या कुठल्याच यादीत नाही. कारखान्यात त्याला मत नाही, कारण ऊस तो तोडतो, लावत नाही. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला आली, तीही ऊसगाळपाच्या हंगामाच्या तोंडावर. ज्यांच्या टोळ्या तोवर गाव सोडून उसाच्या फडावर गेल्या, त्यांचं मतदान केंद्र गावातच राहिलं.