ओढ्याचा पूर टेकडीवर सुरू होतो

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला पूर आला. कात्रज, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या पट्ट्यात काही तासांत हाहाकार उडाला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून पाच जण दगावले. शहर आणि जिल्हा मिळून त्या रात्रीच्या बळींचा आकडा वीसच्या पुढे गेला. पूर म्हटला की पुणेकरांना १९६१ चं पानशेत आठवतं. या वेळी मात्र कुठलंही धरण फुटलं नव्हतं. जेमतेम दहा किलोमीटर लांबीच्या एका ओढ्याने हे केलं होतं.

हे समजून घ्यायचं तर ओढ्याच्या काठावरून नजर उचलून वर टेकडीकडे न्यावी लागते. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस अखेर एकाच ओढ्यात उतरतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. आंबील ओढ्याचं पाणलोट कात्रजच्या डोंगरउतारावर सुरू होतं. तिथल्या घळी आणि ओहोळ एकमेकांना मिळत खाली येतात आणि ओढा थेट शहरातून वाहत मुठेला मिळतो. वरच्या या ओहोळांना आठ महिने पाणी नसतं, त्यामुळे ते कोणाच्या खिजगणतीत नसतात. पण कोणत्याही नदीप्रणालीत संख्येने आणि एकूण लांबीने सर्वांत जास्त असतात ते हेच. प्लॉट पाडताना सर्वांत आधी बुजतात तेही हेच.

थोडा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरतं पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर. गवत-झुडपांनी झाकलेल्या उतारावर यातलं बरंचसं पाणी मातीत आणि मुरमात जिरतं, उरलेलं अडखळत, सावकाश खाली येतं. त्याच हेक्टरवर छपरं, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले, की ८० ते ९० टक्के पाणी वाहून जातं आणि तेही लगेच. हा ‘लगेच’ फार महत्त्वाचा आहे. पूर्वी वेगवेगळ्या उतारांवरचं पाणी पुढेमागे ओढ्यात पोचायचं. आता सगळं एकाच वेळी पोचतं. पाऊस तेवढाच पडला तरी पुराची उंची वाढते ती यामुळे.

आपल्या भागात यात दख्खनच्या बेसाल्टचाही मुद्दा आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी फारसं मुरत नाही. ते साठतं वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. टेकडीफोडीत आधी जातो तो नेमका मुरूमच. तो भरावासाठी विकला जातो, उघडा पडलेला कातळ पाणी घेत नाही आणि राडारोडा जवळच्याच ओहोळात लोटला जातो. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत एक आई आणि तिची लहान मुलगी रस्त्यावरून आलेल्या लोंढ्यात वाहून गेल्या. तिथे डोंगर कापताना पाण्याची नैसर्गिक वाट बुजवली गेली होती. ते पाणलोट वेगळं, पण कारण हेच.

याच कात्रजच्या पाण्यावर एकेकाळी पुणं पोसलं होतं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथे तलाव बांधला गेला. तिथून बंदिस्त दगडी नळातून, पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत यायचं. नळातली हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी बांधलेले उच्छ्वास काही ठिकाणी अजून दिसतात. खाली पाणी हवं असेल तर वरचा उतार जपावा लागतो, ही समज त्या बांधकामात आहे.

आता प्रश्न येतो तो न्यायाचा. ओढ्याच्या खालच्या टोकाला, अगदी काठाला लागून कोण राहतं? घरकाम करणाऱ्या बाया, बिगारी, रिक्षावाले, भाजी विकणारे. दुसरीकडे परवडलं नाही म्हणून ते तिथे आले. वरच्या उतारावरची बांधकामं बहुतेक वेळा नकाशे मंजूर करून उभी राहतात. पुराचं पाणी वाढतं तिथे, घरं वाहून जातात इथे. वरच्या सोसायटीत तळघरातलं पार्किंग भरतं, गाड्यांना विमा असतो. वस्तीत धान्य, कागदपत्रं, शिलाई मशीन आणि कधी घरातलं माणूसही जातं. आणि उपायाची वेळ आली की बुलडोझर आधी वस्तीतच येतो. २४ जून २०२१ ला, कोरोनाच्या साथीत आणि भर पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळची आंबील ओढ्याकाठची घरं पाडायला सुरुवात झाली. रहिवासी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले आणि कारवाईला स्थगिती मिळाली. पूरपात्रात कोणी राहू नये हे मलाही मान्य आहे. पण जवळच, राहण्यालायक पर्यायी घर हातात दिल्याशिवाय माणसांना उठवणं हे पूरनियंत्रण नव्हे. वरचा उतार तसाच सोडून फक्त खालची घरं हलवली, तर वरून येणारं पाणी तिळभरही कमी होत नाही.

भिंती बांधून भागेल का? ओढ्याला दोन्ही बाजूंनी सीमाभिंती घातल्या की पात्र अरुंद होतं, पाणी चढतं आणि वेग घेतं. पाण्याचा भिंतीवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे अर्ध्या टनाचा रेटा बसतो. दोन मीटरला तो दोन टन होतो, तीन मीटरला साडेचार. साधी कुंपणभिंत असला रेटा पेलण्यासाठी बांधलेलीच नसते. ती काही वेळ पाणी अडवून धरते आणि मग एकदम पडते.

म्हणून मला नागरिकांची ती कामं मोलाची वाटतात, जी पाणलोटाच्या पातळीवर चालतात. पुण्यातल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण यावं आणि टिकावं यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. ‘जीवितनदी’सारखे गट नदीकाठाचे तुकडे दत्तक घेऊन तिथे सातत्याने जातात. जो नियमित जातो, त्याला नवा भराव पहिल्या आठवड्यातच दिसतो. जुने गाव नकाशे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे यांत आज बुजलेले कितीतरी ओहोळ आखलेले आहेत. ते घेऊन उतारावर फिरलं, फोटो काढले, माहितीच्या अधिकारात परवानगीची प्रत मागवली, की तक्रारीला वजन येतं. मात्र या फेऱ्यांत टेकडीवर फिरायला जाणारे आणि ओढ्याकाठी राहणारे असे दोघेही असायला हवेत. २०१९ ला पाणी कोणत्या गल्लीतून आधी घुसलं आणि कुठल्या भिंतीला किती चढलं, याची नेमकी माहिती वस्तीतल्या लोकांकडेच आहे.

एक काम तर याच पावसाळ्याआधी होऊ शकतं. पुराचं पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने आलं, तरी दहा किलोमीटर उतरायला त्याला तासाच्या वर, साधारण ८० मिनिटं लागतात. कात्रजच्या उतारावरच्या दोन-तीन सोसायट्यांच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवायचे, जोराचा पाऊस सुरू झाला की दर १५ मिनिटांनी आकडा बघायचा, आणि ठरलेली पातळी ओलांडली की खालच्या वस्त्यांतल्या ठरलेल्या माणसांना फोन करायचा. रात्री कोण जागं राहणार, शाळेची किल्ली कोणाकडे असणार, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, हे दोन्हीकडच्यांनी मे महिन्यातच एकत्र बसून ठरवायचं.