तास, सही आणि स्वयंसेवक : मराठवाड्यातल्या विद्यार्थी-नोंदणीची पार्श्वभूमी

जून-जुलैत कॉलेजं उघडली की जिल्ह्याच्या ठिकाणी युवक संघटनांची टेबलं लागतात. फॉर्म पुढे केला की मुलं आधी विचारतात, "याचे क्रेडिट मिळतात का?" जुन्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न खटकतो. तो खटकू नये. सेवा मनाने करायची की मोजून घ्यायची, हा वाद या मुलांनी आणलेला नाही. तो साठ वर्षांहून जुना आहे.

१९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल वसतिगृहांतून काढली गेलेली निजाम राज्यातली अनेक मुलं नागपूरला शिकायला गेली आणि त्यांतली कित्येक पुढे मुक्तिसंग्रामात उतरली. त्यांची कुणी नोंदणी केली नव्हती. रजिस्टर आणि तास आले ते १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ झाल्यानंतर.

खरा तिढा १९५९ चा. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, असं त्या वर्षी एका केंद्रीय समितीने सुचवलं. खर्च आणि अंमलबजावणी दोन्ही झेपणारी नव्हती. पुढच्याच वर्षी काही देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास झाला आणि सल्ला उलटा आला : सेवा ऐच्छिक ठेवा. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये छात्रसेना (एनसीसी) सक्तीची झाली. परेडला हजेरी लागली, पण मन लागलं असं कुणी म्हणणार नाही. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने समाजसेवा शिक्षणाच्या सगळ्या टप्प्यांवर आणावी असं सांगितलं, तर १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी छात्रसेना ऐच्छिक करून तिला पर्याय म्हणून सेवा योजना सुचवली. अखेर २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचा साचा आता ओळखीचा आहे : वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. नाव ऐच्छिक, माप तासांचं. आमच्या मते ऐच्छिक ठेवण्याचा निर्णय योग्यच होता. घोळ झाला तो तास हेच काम समजण्यात.

त्यात 'स्वयंसेवक' हा शब्द आणखी गुंता करतो. आपल्याकडे सप्ताहात पंगत वाढणारा मुलगा स्वयंसेवक, सभेत खुर्च्या लावणारा स्वयंसेवक, विशिष्ट गणवेशातला स्वयंसेवक आणि सेवा योजनेत नाव असलेलाही स्वयंसेवकच. म्हणून मुलगी घरी फॉर्म घेऊन गेली की आई विचारते, "कोणत्या पक्षाचं आहे?" फॉर्मवर काम, दिवस, वेळ आणि परतीची सोय या चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या नसतील तर तो फॉर्म सहीविना परत येतो. 'मानधन' आल्यावर गोंधळ अजून वाढला. तालुक्याला दोन युवक नेमून महिन्याला ५,००० रुपये देणारी केंद्राची योजना होती, पण नियमित शिक्षण घेणारा त्यात बसत नव्हता. ते पैसे आपल्यालाही मिळतील असं समजून कित्येक विद्यार्थी टेबलाशी यायचे आणि खरं कळल्यावर निघून जायचे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं माणसांवर कोसळली. लातूर-उस्मानाबादकडे मदतीला येणाऱ्यांत विद्यार्थीही होते. पहिल्या दिवसांत हातांची वाण नव्हती, काम वाटून देणाऱ्यांची होती. आलेले कपडे निवडणं, याद्या करणं, पत्र्याच्या शेडमधल्या मुलांना शिकवणं ही महिनोन्महिने चालणारी कामं होती, आणि तोवर गर्दी ओसरते. या भागातल्या नोंदणीवर त्या अनुभवाची छाप असायला हवी : आधी दहा मुलांमागे एक गटप्रमुख ठरवा, मग फॉर्म वाटा.

दुष्काळाने दुसरी गोष्ट शिकवली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात अंबाजोगाई तालुक्यात पाणलोट कामाची गावागावांतली स्पर्धा सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत शहरातले विद्यार्थी श्रमदानाला जाऊ लागले. श्रमदानाचा हंगाम एप्रिल-मे, विद्यापीठाची उन्हाळी परीक्षाही तेव्हाच; नावं भरपूर, माणसं कमी, याचं मोठं कारण तेच. पण मोजणीची एक चांगली पद्धत तिथे दिसली. पाणी मुरवण्यासाठी उताराला आडवा खणायचा सलग समतल चर ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० खोल, दहा मीटर खणला की १.८ घनमीटर माती निघते. सहा मुलांच्या गटाला टेप धरून आपलं काम दिसतं. तासाची सही कुणीही करतो, चर मात्र खणावाच लागतो.

आता नवीन शैक्षणिक धोरण. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही सहअभ्यासक्रमात सेवा योजनेला सत्राला दोन श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे सत्राला ६०, दोन सत्रांत जुनेच १२०. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राचं युवकांचं पोर्टल आलं, तिथे नाव नोंदवायला दोन मिनिटं लागतात. टिकवण्याचं काम मात्र माणसांनाच करावं लागतं. बाहेरच्या संघटनेने जुलैतच प्राचार्यांच्या नावे पत्र द्यावं, कारण कार्यक्रम अधिकाऱ्याचं, म्हणजे कॉलेजात सेवा योजना सांभाळणाऱ्या प्राध्यापकाचं, वार्षिक नियोजन तेव्हा ठरतं. योजनेच्या एका एककात (युनिटमध्ये) १०० मुलं, त्यांचे तास तोच धरतो. फॉर्म आल्यावर आठवड्याच्या आत पहिलं छोटं काम द्यावं. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शिबिर ठेवू नये.

बीडसारख्या जिल्ह्यात दसऱ्यानंतर आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली कॉलेजातली मुलगी धाकट्या भावंडांना सोडून सात दिवसांच्या शिबिराला येऊ शकत नाही, आणि यादीत तिच्यापुढे 'गैरहजर' लागतं. तिच्यासाठी काम शनिवारचं ठेवावं, शेवटच्या एसटीच्या आधी संपणारं : चार तास, पंधरा शनिवार. साठ तास तिथेच भरतात.