निसर्ग वादळ आणि श्रीवर्धनच्या पोफळी, थोडी पार्श्वभूमी

3 जून 2020, लॉकडाऊन चालू, आम्ही सगळे पुण्यात कोथरूडला घरातच. दुपारनंतर वारा असा सुटला की समोरचा गुलमोहर आडवा झाला, पण आमचा जीव अडकलेला श्रीवर्धनला मामाकडे, कारण वादळ तिथेच, रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं होतं, ताशी 100-110 किमीचा वारा, आणि फोन काही लागेना. पुढे कित्येक दिवस लाइट नाही, रेंज नाही.

कोकणाला याची सवयच नव्हती हो. अरबी समुद्रात वादळं मुळात बंगालच्या उपसागरापेक्षा कमी, आणि झाली तरी बरीचशी ओमानकडे नाहीतर गुजरातकडे जातात. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला एक बसलं होतं, मग 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं, त्यात मच्छीमारांचे जीव गेले. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळानंतर जागोजाग निवारे बांधले गेले, इकडे तशी गरज कुणाला वाटलीच नाही. पण आता चित्र बदललंय. इथल्या पाषाणच्या आयआयटीएमच्या (उष्णकटिबंधातल्या हवामानाचा अभ्यास करणारी संस्था) शास्त्रज्ञांनी आकडे काढलेत, 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं त्याआधीच्या तेवढ्याच वर्षांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली, समुद्राचं पाणी तापतंय म्हणून.

पत्रे, कौलं परत घालता येतात. वाडीचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचं, तसं नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, आणि वाडी म्हणजे नुसत्या पोफळी (सुपारीची झाडं) नाहीत, मध्ये नारळ, पोफळीवर चढवलेली मिरी, खाली सावलीत जायफळ, केळी. पोफळ उंच आणि सडपातळ, वाऱ्याने मधूनच मोडते, आणि एक नारळ पडला की चार पोफळी घेऊनच पडतो, मग वरची सावली गेली की खालचं जायफळही उन्हाने करपतं. मामाच्या आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारात गेली. मदत सुरुवातीला हेक्टरी ठरली, पण इथे वाड्या गुंठ्यांत, त्यात कितीतरी भावांचे हिस्से, म्हणून लोकांनी झाडामागे पैसे मागितले आणि ते अगदी रास्तच होतं.

नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. मामाने त्याच पावसात रोपं लावायला घेतली, वर्षही झालं नव्हतं तर मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यात काही परत उपटली, ती परत लावली. त्यातल्या काहींना आता कुठे पहिली पोय (फुलोरा) आलीये.