‘विनाशस्त्रक्रिया’ या शब्दाआड काय काय आहे : बाळांच्या निखळलेल्या खुब्यावरील उपचारांची पार्श्वभूमी

‘खुबा जागेवर नाही, पण शस्त्रक्रिया लागणार नाही’, एवढे ऐकले की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. पडायलाही हवा. पण ‘विनाशस्त्रक्रिया’ या एकाच शब्दात आज किमान चार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. घरीच घालून ठेवायचे मऊ पट्टे, मांड्या फाकवून धरणारी कडक चौकट, पायांना वजने बांधून काही दिवस किंवा आठवडे दिलेला ताण, आणि पूर्ण भूल देऊन हाताने खुबा बसवून छातीपासून घोट्यापर्यंत घातलेले प्लास्टर. या चारही ठिकाणी सांधा उघडत नाहीत, एवढेच साम्य. बाळाच्या कोवळ्या सांध्यावर पडणारे बळ आणि त्यातला धोका पाहिला तर पहिल्या आणि चौथ्या उपचारात जमीनअस्मानाचे अंतर आहे. हा गोंधळ आजचा नाही. तो या उपचारांच्या जन्मापासून त्यांना चिकटला आहे.

फार जुन्या काळात शिरण्याचे कारण नाही. काही मुले निखळलेला खुबा घेऊनच जन्मतात, हे प्राचीन ग्रीक वैद्यांना माहीत होते. 1826 साली पॅरिसमध्ये या विकाराचे पहिले नीट शारीरिक वर्णन झाले आणि त्यासोबतच तो असाध्य असल्याचा निर्वाळाही दिला गेला. पुढच्या दोन दशकांत फ्रान्समध्येच, विशेषतः ल्यों शहरात, मुलांना महिनोन् महिने खाटेवर ताण देऊन खुबा खाली ओढण्याचे प्रयत्न झाले. चिकाटी अफाट होती, पण ही पद्धत फारशी पसरली नाही.

खरी गोष्ट सुरू होते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, व्हिएन्नात. तिथला एक शल्यविशारद तेव्हाच्या रीतीप्रमाणे जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्ल वापरत असे. त्या आम्लाने त्याच्या हातांची कातडी इतकी बिघडली की सुरी हातात धरणे अशक्य झाले. मग त्याने हातांनीच काम करायचे ठरवले. भूल दिलेल्या मुलाची मांडी काटकोनात वळवायची, जांघेतले आखडलेले स्नायू तळहाताच्या कडेने रगडून, प्रसंगी तोडून सैल करायचे, मांडीच्या हाडाचा गोळा उखळीच्या, म्हणजे कमरेच्या हाडातल्या खोबणीच्या, कडेवरून आत ढकलायचा आणि दोन्ही मांड्या बेडकासारख्या पूर्ण फाकवून कित्येक महिने प्लास्टरमध्ये ठेवायच्या. या पद्धतीला ‘बिनरक्ताची’ असे नाव पडले. 1902 साली एका धनाढ्य उद्योगपतीच्या मुलीवर उपचार करायला तो शिकागोला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ही बातमी डोक्यावर घेतली आणि ठिकठिकाणी पालकांची रीघ लागली.

‘बिनरक्ताची’ या शब्दाचे वजन समजायला तो काळ आठवावा लागतो. प्रतिजैविके नव्हती. सांधा उघडला की पू होण्याची भीती खरी होती, आणि उघडून केलेल्या खुब्यांपैकी अनेक पुढे आखडून जात. रक्त न काढता गोळा उखळीत जातो, ही तेव्हाच्या आईवडिलांसाठी मोठीच आशा होती. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. उभे राहिले की लंगडणारी, वय वाढेल तशी कंबर आत घालून डुलत चालणारी ही मुले तोवर तशीच सोडून दिली जात. पण रक्त बाहेर आले नाही म्हणजे आत इजा झाली नाही, हा अर्थ त्या शब्दाने आपोआप चिकटवला आणि तो चुकीचा होता. जोर लावताना काही मुलांची मांडीची हाडे मोडली, काहींच्या नसा दुखावल्या. सर्वांत मोठे नुकसान तर तेव्हा दिसलेच नाही, कारण दिसायला क्ष-किरण आणि काही वर्षे जावी लागत. जागेवर बसलेला गोळा हळूहळू चपटा पडे, त्याचे तुकडे झाल्यासारखे दिसत, मांडीच्या हाडाची मान आखूड राही. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता.

हे मूळ दुखण्याचेच पाऊल आहे, असे बरीच वर्षे मानले गेले. उपचाराला दोष द्यायला कोणी चटकन तयार नव्हते. पण दोन साध्या निरीक्षणांपुढे हा बचाव टिकत नाही. निखळलेला खुबा उपचाराविना तसाच राहिला तर त्याच्या गोळ्याला हा आजार होत नाही. उलट, एकाच बाजूचा खुबा निखळलेल्या मुलांमध्ये, केवळ दोन्ही पाय एकत्र प्लास्टरमध्ये बांधले म्हणून, दुसरा निरोगी खुबाही कधी कधी असाच मरतो. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? 1960 च्या दशकात टोरांटोमध्ये डुकराच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांनीही हेच दाखवले की सांधा टोकाच्या स्थितीत जखडून ठेवला की रक्तवाहिन्या दबतात. त्यानंतर बेडकासारखी बैठक मागे पडली. गुडघे काटकोनाहून थोडे जास्त वर आणि मांड्या मध्यम फाकलेल्या, अशी ‘मानवी’ म्हणून ओळखली जाणारी स्थिती प्लास्टरसाठी रूढ झाली. व्हिएन्नापासून टोरांटोपर्यंत जवळपास सत्तर वर्षे गेली. त्या सत्तर वर्षांत किती मुलांचे खुबे ‘बिनरक्ताने’ खराब झाले असतील, हा विचार अस्वस्थ करतो.

मधल्या काळात दुसरी एक वाट फुटत होती आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा तीच आहे. उपचार जितका लवकर तितके बळ कमी लागते, ही ती वाट. 1920 आणि 1930 च्या दशकांत इटलीतल्या बोलोन्यात चालायच्या आधीच, वर्षाच्या आतल्या बाळांच्या मांड्यांत पाचरीसारखी गादी घालून खुबे बसवले जाऊ लागले. त्याच सुमारास प्राग येथून क्ष-किरण चित्रावर रेघा आखून लहान बाळाचा खुबा मोजण्याची रीत आली. 1930 च्या दशकाच्या मध्यात इटलीतल्याच फेरारातल्या एका बालरोगतज्ज्ञाकडे एक आई आली. पाच महिन्यांच्या बाळाला धुताना मांड्या फाकवल्या की काहीतरी सटकते, अशी तिची तक्रार होती. त्या तक्रारीतून 1937 साली नवजात बाळ तपासण्याची ती खूण मांडली गेली, जी आज जगभरचे डॉक्टर हाताने अजमावतात. निखळलेला गोळा उखळीत परत शिरतानाचा तो ठसका हाताला जाणवतो, कानाला ऐकू येतो असे नाही. मूळ इटालियन शब्दाचे इंग्रजीत ‘क्लिक’ झाले आणि त्या भाषांतराने पुढच्या पिढ्यांना निरुपद्रवी टकटकीमागे धावायला लावले.

1941 साली चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातून मांड्यांत बांधायची उशी आली. पुढे तिथल्याच एका तरुण अस्थिरोगतज्ज्ञाने एक प्रश्न विचारला. बाळाला जखडायचेच का? त्याने प्लास्टर झालेल्या मुलांचे मेलेले गोळे पाहिले होते. त्याचे म्हणणे असे की गोळ्याला मारते ती सक्तीची अचल स्थिती आणि बरे करते ती हालचाल. खांद्यावरून आलेल्या चामडी पट्ट्यांना पाय अडकवून त्याने बाळाचे गुडघे वर धरले. गुडघे वर आले की बाळ पाय सरळ ताठ करू शकत नाही, पण लाथा मारणे चालूच राहते. मांड्या आपल्याच वजनाने हळूहळू बाहेर पडतात, जांघेतले स्नायू सैलावतात आणि गोळा स्वतः वाट शोधतो. मूळ चेक नाव ‘रिकीब’ या अर्थाचे आहे, आणि जर्मन नावाचा अर्थही ‘पट्ट्याचे रिकीब’ असाच. जपानमध्ये आजही ते जर्मन नावच चालते. बाकी जग त्याला, त्या तज्ज्ञाच्या नावावरून, पाव्हलिक हार्नेस म्हणते.

या साधनात बळ कुठून येते, हे नीट पाहण्यासारखे आहे. पुढचे पट्टे फक्त वाकवतात. मागचे पट्टे मांड्या आतल्या बाजूला येण्याला मर्यादा घालतात, त्या ओढून बाहेर फाकवत नाहीत. फाकवण्याचे काम गुरुत्वाकर्षणाने आणि बाळाच्या लाथांनी करायचे असते. मागचा पट्टा घट्ट आवळला की हेच हार्नेस छोटेखानी बेडूक-प्लास्टर होते आणि जुने नुकसान नव्या वाटेने घरात येते. 1976 साली अमेरिकेत ‘सुरक्षित टप्पा’ ही कल्पना मांडली गेली. मांडी कितपत आत आली तर खुबा निसटतो आणि कितपत बाहेर गेली तर रक्तपुरवठा दबतो, या दोन टोकांमधली जागा म्हणजे तो टप्पा. ही जागाच अरुंद असेल तर हार्नेस त्या बाळासाठी नाही.

हार्नेसचेही दोष आहेत आणि ते लपवू नयेत. गुडघे फार वर धरले तर मांडीची मुख्य नस दबून बाळ गुडघा सरळ करेनासे होते. हे बहुधा भरून येते, पण पट्टे काढावे लागतात. त्याहून अवघड प्रसंग म्हणजे गोळा आत न जाता उखळीच्या मागच्या काठावर आठवडेच्या आठवडे घासत राहणे. पुढे हा प्रकार स्वतंत्रपणे नोंदला गेला. तेव्हापासून तीन-चार आठवड्यांत गोळा बसल्याचे दिसले नाही तर हार्नेस थांबवायचे, हा दंडक रूढ आहे. ‘अजून थोडे दिवस घालून बघू’ ही माया इथे महागात पडते. सहा महिन्यांनंतर बाळ पलटी मारू, रांगू लागते आणि पट्ट्यांचा प्रभावही ओसरतो.

लवकर तपासणी सुरू झाली तशी उलटी अडचण उभी राहिली. 1962 साली इंग्लंडमधल्या सॅलफर्डमधून आलेल्या नोंदींनुसार साठ नवजातांत एकाचा खुबा सैल होता. त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यातच उपचाराविना घट्ट झाले आणि दोन महिन्यांत 88 टक्के. मग प्रत्येक सैल खुब्याला पट्टे बांधायचे का? स्वीडनमधल्या माल्मोत जन्मतःच सर्वांची तपासणी आणि लगेच चौकट, ही रीत होती आणि तिथे उशिरा सापडणारी मुले फार कमी झाली. पण त्यातल्या बहुतेक बाळांना चौकटीची गरजच नव्हती, हेही तेवढेच खरे. ‘उपचाराचे यश’ मोजताना ही आपोआप बरी होणारी बाळे गणतीत धरली की कोणतेही साधन उत्तम दिसते. जुन्या आकडेवारीकडे बघताना हे विसरू नये.

1980 साली ऑस्ट्रियातून खुब्याच्या सोनोग्राफीची पद्धत आली आणि कूर्चेची उखळी प्रथमच डोळ्यांना दिसली. जर्मनीत 1996 पासून सर्व बाळांची अशी तपासणी होते. याउलट 2006 साली अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ गटाने सरसकट तपासणीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 2002 च्या चाचणीने मधला मार्ग दाखवला. हाताला सैल लागलेल्या खुब्यांची सोनोग्राफी केली तर कमी बाळांना चौकट लागते आणि शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढत नाही.

1989 मध्ये ‘जन्मजात’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे, असा आक्षेप छापून आला आणि काही वर्षांत ‘वाढीच्या काळातला’ या अर्थाचे नाव रूढ झाले. काही खुबे जन्मानंतर बिघडतात, हे त्यामागचे कारण. जपानमध्ये 1970 च्या दशकात बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नका, अशी मोहीम झाली. आधी शंभरात एकापासून साडेतीनपर्यंत असलेले प्रमाण हजारात दोनच्या आसपास आले. यात पट्टे, प्लास्टर, सुरी काहीच नव्हते. खऱ्या अर्थाने विनाशस्त्रक्रिया म्हणायचे तर याला म्हणावे.

आता पुन्हा त्या शब्दाकडे. हार्नेस निकामी ठरले किंवा निदानच सहा महिन्यांनंतर झाले, तर ‘बंद पद्धतीने बसवणे’ येते. हे शस्त्रक्रियागृहातच होते. पूर्ण भूल असते, सांध्यात रंगद्रव्य टोचून चित्र घेतले जाते, अनेकदा जांघेतला आखडलेला स्नायुबंध लहानशा छेदातून कापला जातो. मग साधारण तीन महिने प्लास्टर, आणि ते मध्ये एकदा पुन्हा भूल देऊन बदलायचे. तरीही सांध्याचे वेष्टन उघडले नाही म्हणून बहुतेक नोंदींत हा उपचार ‘विनाशस्त्रक्रिया’ या रकान्यात जातो. काही ठिकाणी स्नायुबंध कापला की तो शस्त्रक्रियेत धरतात, काही ठिकाणी नाही. त्यामुळे दोन रुग्णालयांचे ‘शस्त्रक्रिया टाळल्याचे प्रमाण’ शेजारी ठेवले तरी ते एकाच गोष्टीचे असेल याची खात्री नसते. त्याआधी द्यायच्या ताणाचेही तसेच. 1980 च्या दशकापर्यंत तो जवळजवळ सर्वत्र दिला जाई आणि रक्तपुरवठा वाचतो, असा त्यामागे विश्वास होता. पुढच्या तुलनांत तो फायदा ठामपणे दिसला नाही. आज बरीच केंद्रे तो देत नाहीत, काही अजून देतात.

या तुलनेत आणखी एक गुंता आहे तो काळाचा. रक्तपुरवठ्याची मोठी इजा वर्ष-दीड वर्षात क्ष-किरणात दिसते. पण गोळ्याखालच्या वाढीच्या थराची बाहेरची कडा दुखावली असेल, तर गोळा तिरका वाढत असल्याचे बरेचदा मूल आठ-दहा वर्षांचे झाल्यावर लक्षात येते. दोन वर्षांच्या पाठपुराव्यावर ‘गुंतागुंत नाही’ असे लिहिणाऱ्या नोंदींत ही मुले बऱ्या झालेल्यांतच मोजलेली असतात.