सेन्सर.कम्युनिटी

घराच्या बाल्कनीत किंवा गच्चीत स्वस्त मापक लावून हवेतील सूक्ष्म धूळ मोजण्याचा आणि ती आकडेवारी सर्वांना खुली ठेवण्याचा नागरिक विज्ञान प्रकल्प. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे ‘ओके लॅब’ या स्वयंसेवी गटाने २०१५ मध्ये ‘लुफ्टडाटेन’ या नावाने तो सुरू केला. मोटारींचे हे शहर टेकड्यांमधल्या खोलगट भागात वसले आहे. वारा कमी, आणि शहरातल्या नेकारटोर या चौकातील धूळ तर देशभर कुप्रसिद्ध. जानेवारी २०१६ पासून महापालिका धुळीचे इशारे देऊ लागली. पण सरकारी केंद्रे मोजकीच असल्याने आपल्या गल्लीतली हवा कशी, हे कळत नव्हते. सुरुवातीचे उद्दिष्ट शहरात ३०० मापक एवढेच होते. पुढे हे जाळे अनेक देशांत पसरले.

मूळ संचात एसडीएस०११ हा धूळमापक, आकडे वाचून पाठवणारा, वाय-फाय असलेला नोडएमसीयू हा छोटा सर्किट बोर्ड आणि तापमान-आर्द्रतेसाठी डीएचटी२२ किंवा बीएमई२८० असतो. डाग द्यावा (सोल्डरिंग करावे) लागत नाही, जंपर वायरी पुरतात. धूळमापकाची टीएक्सडी (माहिती पाठवणारी) पिन बोर्डच्या डी१ ला, आरएक्सडी (माहिती घेणारी) डी२ ला आणि ५ व्होल्टची व्हीयू ला जोडतात. व्हीयू पिन बोर्डच्या तिसऱ्या आवृत्तीत असते. दुसरी आवृत्ती हाती पडली की नवखे इथेच अडतात. बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतो, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला राउटर त्याला दिसतच नाही.

सगळा संच प्लंबिंगच्या ७५ मिमी पीव्हीसी एल्बोंच्या जोडीत बसवतात. दोन्ही तोंडे खाली ठेवली की पाऊस आत शिरत नाही. धूळमापकाला ६ मिमी व्यासाची सुमारे २० सेंमी नळी लावून तिचे टोक एल्बोच्या तोंडाशी आणावे. ते आतच राहिले तर मापक पाइपमधलीच हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तोंडांना जाळी लावावी, नाहीतर कोळी घर करतात. उंची दीड ते चार मीटर, जागा मोकळी. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, एसीचे बाहेरचे युनिट, जनरेटर आणि उदबत्ती लागते ती खिडकी टाळावी.

पंख्याने ओढलेल्या हवेवर लेसर पडतो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून धुळीचे प्रमाण काढले जाते. म्हणजे कणांचे वजन होत नाही, अंदाज होतो. खरी मेख इथे आहे. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. कोकणात जुलैमधला आलेख म्हणूनच फारसा कामाचा नसतो. पहाटे रस्ता रिकामा असताना आलेख वर गेला तर दोष दवाचाच असेल असेही नाही. रात्री थंड हवेचा थर खाली बसल्याने धूळ खरोखरही साचते. आर्द्रतेचा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) च्या मानाने पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) चा आकडा कच्चा असतो, कारण भरड कण हा मापक नीट पकडत नाही. बांधकामाच्या धुळीची तक्रार केवळ त्या आकड्यावर उभी करणे धोक्याचे.

लेसरचे आयुष्य सुमारे ८,००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास वर्षही नाही. म्हणून बोर्ड साधारण १४५ सेकंदांतून एकदाच काही सेकंद मोजतो आणि मापक काही वर्षे टिकतो. लावण्यापूर्वी दोन मापक आठवडाभर शेजारी चालवून त्यांचा फरक पाहावा. शक्य असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्राजवळ, कोरड्या हवेत, हीच तुलना करावी. त्यानंतर सुटा आकडा मानकाशी ताडण्यापेक्षा चौक आणि आतली गल्ली, शाळा सुटायची वेळ आणि दुपार, कचरा जाळण्याआधी आणि नंतर अशा तुलना या मापकाला अधिक चांगल्या साधतात.